गवतापर्यंतचं पाणी

३ जून

आज आमची शर्फिया उतरली. सकाळपासून बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून खजुरीच्या झावळ्या उपटत होते. शर्फिया म्हणजे झावळ्यांचा कूड, आठ-नऊ महिने समुद्राच्या तळात रोवलेला असतो. ओहोटीबरोबर परतणारे मासे त्याच्या कडेकडेनं जातात आणि शेवटी पिंजऱ्यात शिरतात. आता सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होईपर्यंत माशांना सुट्टी. सगळं उतरवलं की तिथं काहीच दिसत नाही. नुसतं पाणी.

मी किनाऱ्यावर उभी होते आणि माझ्या पर्समध्ये स्फाक्सहून आणलेला बाबांचा रिपोर्ट होता. प्रोस्टेटचा कॅन्सर. बेटावर परतताना बोटीत चार वेळा वाचला, दर वेळी तेच लिहिलेलं होतं.

जेवताना सांगून टाकलं. बाबा ऑक्टोपसचा तुकडा चावत राहिले. मग म्हणाले, “कुठल्या बाजूनं कापतात?”

“पोटाकडून.”

“मग ठीक. झावळी रोवायला पाठ लागते.”

ही वही शाळेच्या कपाटातली आहे, चौकटींची. आई गेली तेव्हा मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं, आणि तो महिना आता मला आठवतच नाही. या वेळी लिहिणार आहे.

११ जून

स्फाक्सच्या सरकारी इस्पितळात ऑल्फाला भेटलो. डॉक्टर ऑल्फा म्हणायला हवं, पण तिला अपूर्णांक मी शिकवलेत. अजूनही मी खोलीत शिरले की ती खुर्चीतून उठते.

“बाई, दोन रस्ते आहेत,” ती म्हणाली. “एक इथंच, पोट उघडून. विम्याच्या कार्डावर होईल. दुसरा राजधानीत, खासगीत. तिथं यंत्र आहे, चार हातांचं. सर्जन बाजूला बसतो, पडद्यात बघून ते हात चालवतो. पाच-सहा बारीक छेद, बस.”

“कुठलं चांगलं ते सांग.”

“रोग काढण्याच्या बाबतीत दोन्ही सारखी. चालवणारा किती कसलेला आहे त्याच्यावर जास्त असतं, आणि आमचे इथले सर कसलेले आहेत. यंत्रानं रक्त कमी जातं, इस्पितळात कमी दिवस राहावं लागतं, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. लघवीवरचा ताबा काहींना लवकर येतो, काहींना नाही. वर्षभरानं बघितलं तर दोघांत फार फरक उरत नाही.”

मी विचारलं नसतं तरी तिनं हे सांगितलं असतं. शाळेतही अशीच होती, माझी चूक वर्गासमोर दाखवणारी.

बाबांना यातलं काही नको होतं. “मला एवढंच सांग पोरी. पाण्यात सहा तास उभा राहीन का?”

“राहाल की काका. दोन्हींत राहाल.”

“कधी?”

“ऑगस्टमध्ये झालं तर, यंत्रानं सहा आठवडे. पोट उघडून केलं तर दोन महिने, तीन. जास्तही.”

बाबांनी मांडीवर बोटं मोजली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. तिसऱ्या बोटावर थांबले आणि हात टोपीखाली लपवला. माझं तिथंच ठरलं.

१४ जून

जीलानीकाकांना बघून आले. इथं समुद्राचेही शेतासारखे मालकीचे तुकडे असतात; त्यांचा आमच्याला लागून आहे, बाबांची नि त्यांची साठ वर्षांची दोस्ती आणि तेवढीच भांडणं. बारा वर्षांपूर्वी त्यांचं हेच ऑपरेशन पोट उघडून झालं. तेव्हापासून ते कॅफेत दाराजवळच्या, पटकन उठून जाता येईल अशा खुर्चीवर बसतात, पत्त्यांच्या टेबलाशी नाही. कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

मी आडूनआडून विषय काढला. काका म्हणाले, “बेशीरला सांग, माणूस जगतो. एवढंच. बाकी सवय होते.”

मला बाबांना दाराजवळच्या खुर्चीवर बघायचं नाही.

ऑल्फाला फोन केला तर म्हणते, बाई, एका माणसावरून गणित मांडू नका, यंत्रानं केलेल्यांतही असे निघतात. खरं आहे. पण तो एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे, बाकीचे कागदावर.

२० जून

मी रडायच्या आधी मांडणी करणारी बाई आहे. पान मधोमध दुमडलं. डावीकडे: कमी रक्त, कमी दिवस, सप्टेंबरात पाण्यात. उजवीकडे फक्त एकच ओळ: अडतीस हजार दिनार. डावीकडच्या गोष्टींना आकडे घालून बघितले. बाबांच्या एका हंगामाचे किती? घातला आकडा, खोडला, परत घातला. वर्गातल्या मुलांना मी असं करू देत नाही.

लुत्फीला मार्सेयला फोन लावला. तो तिथं ट्रक चालवतो. धाकटा असून फोनवर नेहमी थोरल्यासारखा बोलतो.

“डॉक्टरच म्हणतेय ना सारखं आहे? मग त्या यंत्राचं एवढं काय खूळ घेतलंयस, ताई?”

“तू ये इथं, तीन महिने त्यांना उठव-बसव, मग मला खूळ म्हण.”

“बाबांना विचारलंस?”

“बाबांना काय विचारायचं? ते म्हणणार, नको.”

“मग?”

मी फोन ठेवला.

२ जुलै

ताहर घरी आला होता. बाबांच्या चुलतभावाचा मुलगा, बंदराशी खाणावळ आहे त्याची. गेली तीन वर्षं तो आमचा तुकडा विकत मागतोय, आणि बाबा दर वेळी त्याला चहा पाजून परत पाठवतात. बाबा कॅफेत असताना मीच त्याला बोलावलं.

“बेशीरकाका देतील?” तो म्हणाला.

“ते माझ्यावर सोड.”

लिहून ठेवते, म्हणजे पुढं मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेला तुकडा आहे तो. पण आत्ता तिथं काही नाही. मी खिडकीतून बघते तेव्हा सगळीकडे सारखंच पाणी. घर विकायचं असतं तर मी विकलं नसतं, घराला भिंती असतात. शिवाय बाबा एक्काहत्तर वर्षांचे आहेत. सप्टेंबरात सांगेन, डॉक्टर या वर्षी नको म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनाच झेपणार नाही. मग सांगितलं काय न सांगितलं काय.

आत्ता वरचं वाचलं. त्यांना सप्टेंबरात पाण्यात उभं करायला यंत्र घ्यायचं, आणि सप्टेंबरात पाण्यात जाऊ नका म्हणून सांगायचं. यात काहीतरी चुकतंय, पण आता डोकं दुखतंय. आधी ते बरे होऊ देत.

९ जुलै

सही झाली.

नगरपालिकेतला कारकून माझाच जुना विद्यार्थी. वडील आजारी आहेत म्हटल्यावर त्यानं विक्रीचे कागद घरी न्यायला दिले. तुकड्याच्या चारही बाजूंच्या हद्दी मीच त्याला सांगितल्या होत्या.

बाबांना म्हटलं, राजधानीच्या इस्पितळाचे कागद आहेत, विम्याचे. पैसे विमाच देणार आहे.

“सरकार फार दिलदार झालंय म्हणायचं,” बाबा म्हणाले.

“नवी योजना आहे.”

“बरं. चष्मा दे. आणि चहा कर जरा. पुदिन्याचा, चिलगोजे घालून.”

बाबांना कागदांचा कंटाळा. विजेचं बिलसुद्धा माझ्याकडे ढकलतात. चिलगोजे डब्याच्या तळाशी होते, निवडायला वेळ लागला. चहा घेऊन आले तेव्हा सगळ्या पानांवर सह्या झालेल्या होत्या, आणि बाबा चष्मा पुसत बसले होते.

“लांबलचक लिहितात हे लोक,” म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. वाचलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

कारकुनानं पानं उलटली. तिसऱ्या पानावर थांबला, माझ्याकडे बघितलं, मग शिक्का मारला. बिचाऱ्याला आमची दया येत असावी.

१० जुलै

बाबा दुपारपासून किनाऱ्यावर बसून आहेत. ऊन कलल्यावर छत्री घेऊन गेले तर म्हणाले, “तू जा. मी हवा खातोय.” ऑपरेशनची धास्ती घेतलीय त्यांनी. घ्यावीच ना, कुणीही घेईल. मी शेजारी बसून यंत्राबद्दल समजावलं. त्याचे हात थरथरत नाहीत, मनगट कुठंही वळतं, सर्जनला आतलं दहापट मोठं दिसतं.

“पोरी,” बाबा म्हणाले, “तुझी आई गेली तेव्हा तू पंधरा दिवस जेवली नव्हतीस. आठवतं?”

मला खरंच आठवत नाही.

“तसं परत करायचं नाही,” म्हणाले.

१८ जुलै

बाबांचं डोकं फिरलंय. रोज ताहरला बोलावून घेतात आणि अंगणात काडीनं रेघा मारून दाखवतात. इथं प्रवाह वळतो, इथं तळाचं गवत सुरू होतं, इथं दोन झावळ्या जास्त, पूर्वेचा वारा सुटला तर पिंजऱ्याचं तोंड इतकं फिरव. ताहर शहाण्या मुलासारखा वहीत लिहून घेतो. त्याच्या तोंडून काही निसटलं तर?

त्याला दारापर्यंत पोचवताना दम दिला. “कशाला येतोस रे रोज?”

“काका बोलावतात,” तो म्हणाला. माझ्याकडे बघेना.

बाबांना म्हटलं, “त्याला काय सांगत बसता? त्याचा काय संबंध?”

“कुणाला तरी सांगायला हवं ना. लुत्फी ट्रक चालवतो. तू पाण्यात पाय घालत नाहीस.”

हे मात्र लागलं मला. लहानपणी मी पाण्यात उतरायचे. आई नको म्हणायची, मुलीला कुठं समुद्रात नेता. मग मी अभ्यास केला.

१ ऑगस्ट

राजधानी. सकाळी सातला नेलं, साडेअकराला बाहेर आणलं. सर्जन म्हणाले, छान झालं, रक्त जेमतेम वाटीभर गेलं. आत नेण्याआधी बाबांनी त्यांना विचारलं होतं, “ते यंत्र दमतं का हो?” ते हसले. बाबा म्हणाले, “नाही, मी दमतो म्हणून विचारलं.”

मी प्रार्थनेच्या खोलीत बसून होते, पण प्रार्थना आठवेना. पाढे म्हणत होते. सतराचा.

४ ऑगस्ट

चौथ्याच दिवशी घरी. बोटीत बाबा चालत चढले, लघवीची पिशवी पँटच्या आत. इस्पितळात शेजारच्या पलंगावरच्या माणसाचं ऑपरेशन पोट उघडून केलेलं होतं, तो अजून कुशीवर वळताना ओरडत होता. मी त्याच्या बायकोला बाबांच्या पोटावरच्या खुणा दाखवल्या, पाच पट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्या. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं. तिचं काय जळत असेल ते मला नंतर समजलं. दाखवायला नको होतं.

२३ ऑगस्ट

रिपोर्ट आला. सगळं निघालंय, कडेला काही राहिलेलं नाही. ऑल्फा फोनवर म्हणाली, “बाई, पैकीच्या पैकी.” मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. मग उठून माशाचा कुसकुस केला.

एक गोष्ट मात्र पैकीच्या पैकी नाही. नळी काढून दोन आठवडे झाले, तरी बाबांना दिवसाला चार-पाच पॅड लागतात. खोकला आला, हसू आलं, जड उचललं की झालंच. ते कॅफेत जात नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, “ऊन फार आहे.” अडतीस हजार देऊन मी त्यांना दाराजवळची खुर्चीसुद्धा दिली नाही. ऑल्फानं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण ते लोक माझ्यासाठी कागदावरचे होते.

ती म्हणते, वेळ द्या, व्यायाम करा. बाबा मन लावून व्यायाम करतात, डोळे मिटून, दिवसातून तीनदा. मी त्या वेळी बाहेर जाते.

११ सप्टेंबर

तपासणी. बाबा कपडे घालायला पडद्यामागे गेले, तेवढ्यात मी ऑल्फाला हळूच म्हटलं, “त्यांना सांग, या वर्षी पाण्यात जायचं नाही.”

“का? जखमा छान भरल्यात.”

“तू सांग फक्त. वसंतापर्यंत नको म्हण.”

“बाई, त्यांना लवकर उभं करायचं म्हणूनच तर तुम्ही राजधानीत नेलंत ना?”

मी तिला सगळं सांगितलं. तिथंच, दोन वाक्यांत. तिनं माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी वर्गात असं बघायचे, चुकलेल्या मुलाकडे.

“मी खोटं नाही सांगणार,” ती म्हणाली. “हे तुम्हालाच सांगावं लागेल.”

बाबा बाहेर आले. “काय म्हणतेस डॉक्टर? सहा आठवडे झाले.”

“जाऊ शकता काका. जड उचलू नका एवढंच. आणि पॅडचं...”

“त्याचं काय? पाण्यात उभं राहिलं की सगळेच ओले.”

बाबा स्वतःच हसले. मला तो विनोद वाटला नाही. मी बोटीत खिडकीकडे तोंड करून बसले.

२१ सप्टेंबर

आज सांगायचं, असं सकाळपासून चाललंय. उद्या रोवणी. बाबांनी जुने रबरी बूट काढले, त्यांना ठिगळ लावलं. मी तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. एकदा म्हटलं, भूक लागली का. एकदा म्हटलं, वारा सुटेलसं वाटतं. तिसऱ्यांदा त्यांनीच म्हटलं, “काय गं?”

“काही नाही.”

रोवणीच्या दिवशी जेवण मालकाच्या घरी असतं. सगळे मदतनीस येतात, फातिहाची प्रार्थना म्हणतात, मग समुद्रात जातात. एवढ्या वर्षांत या दिवशी आमच्या चुलीवर मोठं पातेलं नाही, असं झालं नव्हतं. आज बाबांनी पातेल्याबद्दल विचारलंच नाही. आजारपणामुळं विसरले असतील.

२२ सप्टेंबर

सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. बूट नव्हते. मी डोक्याला रुमाल बांधून धावत सुटले.

ताहरच्या दारात वीस-पंचवीस माणसं जेवत होती. बाबा मदतनिसांच्या ओळीत बसले होते, जीलानीकाकांच्या शेजारी. सगळ्यांनी हात वर करून फातिहा म्हटली, बाबांनीही. मी फाटकाबाहेर उभी राहिले. कुणी मला आत ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

मग होड्या निघाल्या. पाणी इतकं उथळ आहे की किनाऱ्यावरून सगळं दिसतं, वारा पडलेला असला की ऐकूसुद्धा येतं. पहिली झावळी मालक रोवतो. ताहरनं ती हातात घेतली आणि बाबांपुढं धरली.

“तुम्ही रोवा काका.”

“छे. मालकानं रोवायची असते.”

“काका, मला कसंतरी वाटतं.”

“वाटू दे. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. जरा डावीकडं. तळ दाबून बघ पायानं, मऊ लागतंय ना, तिथं.”

ताहरनं झावळी रोवली. मग बाबांनी पुढची घेतली. सहा तास ते पाण्यात उभे होते. मी मोजले. कमरेइतक्या पाण्यात, कुणाहून वेगळे दिसत नव्हते.

संध्याकाळी ताहर घरी आला, हातात मासळीची पिशवी, कालच्या जाळ्यातली. बाबा आत झोपलेले. मी त्याला अंगणातच धरलं.

“तू सांगितलंस त्यांना.”

“मी? शपथ घेऊन सांगतो, नाही. मला वाटलं तुम्ही सांगितलंत.” त्यानं खिशातून घडी घातलेले कागद काढले. “हद्द बघायला हे आज दुपारी होडीत काढावे लागले. तिसरं पान बघा.”

तिसऱ्या पानावर उत्तरेची हद्द होती. मी कारकुनाला सांगितली होती तशी टाईप केलेली, समुद्रतळाच्या खोल ओहोळापर्यंत. त्यावर बाबांच्या शाईपेनची एक सरळ रेघ. समासात त्यांचं अक्षर, चौथीत शाळा सोडलेल्या मुलाचं, सुटं सुटं: ओहोळ जीलानीचा आहे. माझं पाणी गवतापर्यंत. त्याच्या शेजारी पूर्ण सही, आणि तारीख. ९ जुलै.

मी तेव्हा आत चिलगोजे निवडत होते.